काचेचं दुसरं टोक

लढाई सुरू झाल्यापासून गावात एकाच माणसाचा धंदा तेजीत होता, आणि त्या माणसाला त्याची लाज वाटायची. ती काचवाली मावशी. नवरा गेल्यावर काच कापायचा हिरा तिनं हातात घेतला, आणि तोंडही त्या हिऱ्यासारखंच चालवलं. हाताखाली भाचा होता, त्याला लढाईनं ओढून नेलं. मोठी काच न्यायची तर दुसरं टोक धरायला कुणी उरलं नव्हतं.

एका सकाळी गवत भरलेल्या पेटीचं झाकण तिनं उचललं, तर आत काचेऐवजी माणूस. अंगात शत्रूचा गणवेश, वर तिच्या नवऱ्याचा जुना कोट. मावशीनं हाताला लागला तो काचेचा तुकडा उचलला.

"मारायचं तर मारा, पण आधी घोटभर पाणी द्या," तो म्हणाला. बोली आपल्यासारखीच, पण हेल असा की दोन शब्दांत कुणीही ओळखावं.

मावशीनं पाणी दिलं. आणि तिथंच फसली. पाणी पाजून मग मारायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"तोफेवर होतास?"

"होतो."

"माझ्या दुकानाची काच तूच फोडलीस?"

त्यानं खरोखर विचार केला. "नक्की नाही सांगता येत, मावशी. तिकडून सगळी घरं सारखीच दिसतात."

याचे लोक माघार घेताना याला तापात टाकून गेले होते. शत्रूला आसरा देणाऱ्याला गोळी, असा कागद चौकाचौकात लागलेला. मावशीनं त्याचा गणवेश चुलीत घातला, त्याला भाच्याचे कपडे दिले आणि पुट्टी मळायला बसवला. फुकट खाऊ घालणं तिच्या रक्तात नव्हतं. पेटीतला, असंच ती त्याला म्हणायची. तो घोरला की पेटीवर लाटणं आपटायची. तो आतून म्हणायचा, "तोफेपाशी याहून शांत झोप लागायची." पुढं पुढं मावशी दोन घास जास्तीचे रांधायला लागली, आणि कमी पडले तर त्यालाच बोलायची.

मग घरोघर झडती सुरू झाली. शेजारची गल्ली झाली, उद्या हिची. त्याच दिवशी निरोप आला: पुलापलीकडच्या बंगल्यात साहेब राहायला आलेत, दिवाणखान्याची मोठी काच बसवून द्या. पुलापलीकडे बंगला, बंगल्यामागे डोंगर, आणि डोंगरापल्याड पेटीतल्याचं घर.

मावशीनं त्याला अंगणात उभं केलं. "तू माझा मुका भाचा. तोंड उघडलंस की दोघंही मेलो. आणि पाऊल मोडून चालायचं. माझा डावा पडेल तेव्हा तुझा उजवा. दोघांची पावलं एकदम पडली की काच झुलते, झुलली की तडकते."

"आम्हाला तर मारून मारून एकदम टाकायला शिकवलं."

"म्हणूनच तुम्ही हरताय. धर."

पुढं मावशी, मागं तो, मध्ये दुकानातली शेवटची मोठी काच. रस्ताभर मावशीचा जीव टाचांत आला होता. मागं वळून बघता येत नव्हतं. काच थरथरली नाही की समजायचं, पोराचं पाऊल बरोबर आहे.

पुलाच्या तोंडाशी चौकीवर हवालदार आणि दोन-तीन पहारेकरी होते. दिवसभर तेच ते पहारेकरी बघून कंटाळलेला हवालदार आल्यागेल्याला सोडत नसे.

"काय मावशी, हा कोण?"

"भाचा. मुका आहे. वाट सोडा, हात भरून आलेत."

"मुका भाचा म्हणजे भाग्य तुमचं. या, मी तुमच्यासोबत येतो." आणि गडी बाजूनं चालू लागला. दोघांची पावलं वाकडीतिकडी पडताना बघून त्याला हसू आलं. मदत म्हणून हातावर ताल धरत त्यानं पुकारा सुरू केला, "डावा, उजवा. डावा, उजवा."

पुलाच्या मध्यावर काच हलली. आधी बारीक, मग सबंध झुलायला लागली. पेटीतल्याचे पाय त्याचे राहिलेच नव्हते. टाच अशी पडत होती, जशी फक्त कवायत केलेल्याची पडते. हवालदाराचा पुकारा हळू झाला, मग थांबला. त्याची नजर त्या पायांवर गेली.

मावशीनं काच सोडली.

असा आवाज झाला की पहारेकरी कठड्याला चिकटले. आवाज विरायच्या आत मावशीची चप्पल हातात होती. "मेल्या, आंधळ्या, शेवटची काच होती ती. थांब, तुला आज जिवंत ठेवत नाही." पहिला फटका पाठीत बसला तसा तो "आयाया" असा हेल काढून ओरडला आणि पळत सुटला. मागं चप्पल उगारून मावशी. पहारेकरी पोट धरून हसत होते.

पुलाच्या टोकाला तिला धाप लागली.

"मावशी, काच," तो पुटपुटला.

"काच गेली खड्ड्यात. पळ. मागं बघू नकोस."

त्यानं बघितलंच. गाढव ते गाढव. मग झाडीत शिरला.

मावशी परत आली तेव्हा हवालदार गुडघ्यावर बसून तुकडे वेचत होता. ती समोर बसली.

"मुका ओरडला, मावशी," तो खाली बघत म्हणाला. "तेही त्यांच्याकडच्या हेलात."

मावशीनं एक तुकडा उचलला. "मार बसला की कोणीही ओरडतं."

हवालदारानं मान वर केली. हसणारे पहारेकरी पलीकडे होते, एक हाक पुरली असती.

"माझा धाकटा पोरगा तोफेवर आहे," तो म्हणाला. "त्याला असं कुणी चप्पल घेऊन घराकडं हाकललं तर बरं होईल. मोठे तुकडे तुम्ही उचला, बारीक मी झाडतो."

चौकीच्या खिडकीला काच नव्हती, वारा आत शिरायचा. दुसऱ्या दिवशी मावशीनं दोन तुकडे सांधून एक काच तयार केली. न्यायला हवालदार स्वतः आला. दुसरं टोक धरून तो चालायला लागला, छाती काढून, टाचा आपटत. काच झुलली.

"पाऊल मोडून चाल रे," मावशी म्हणाली, आणि डोंगराकडे बघत तिनं आपलं टोक घट्ट धरलं.