म्हातारा तिथं हाय का?

ललिता भोयेला चर्चमधलं काय येत नाही, ते विचारा. प्रभुभोजनाच्या पावाच्या कडा काढून त्याचे एकसारखे एकशे चाळीस तुकडे कसे पाडायचे, वेदीवरच्या पांढऱ्या कापडाला लागलेला द्राक्षरसाचा डाग कशानं निघतो, नाताळच्या करंज्यांना मैदा किती लागतो, लग्न असलं की आवारात दुचाक्या कुठे लावायच्या, सगळं तिला विचारून. आजोबांपासूनचं ख्रिस्ती घराणं. रविवारच्या शब्बाथ शाळेत बायबलमधली वचनं पाठ म्हणण्यात तिचा कायम पहिला नंबर. त्याची प्रशस्तिपत्रकं इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये कपाटावरच्या सुटकेसमध्ये अजून आहेत. बी.कॉम. झाली, संसार केला, महिला मंडळाची चिटणीस झाली. आपल्याला धर्मातलं बरंच कळतं, असं तिला एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत वाटत होतं, आणि तसं वाटायला काही अडचणही नव्हती.

अडचण सासूबाईंनी आणली.

भागीबाई पेठकडच्या डोंगरातल्या. नागली पेरायची, भात लावायचा, मोहाची फुलं वेचायची, असं आयुष्य गेलेलं. मुलगा राज पाचवीपासून नाशिकला वसतिगृहात शिकला आणि कॉलेजात असताना ख्रिस्ती व्हायचं म्हणाला. तेही आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर. नेमका ऑगस्ट महिना. गावाजवळच्या ओहोळाला कमरेच्या वर पाणी, आणि पलीकडच्या काठावर बाप्तिस्मा द्यायला आलेले पाळक बूट हातात धरून उभे. पोहता येत नव्हतं बिचाऱ्यांना. तेव्हा राजचे वडील मंगळू पाण्यात उतरले. पाळकांना खांद्यावर बसवून इकडे आणलं, पोराचा बाप्तिस्मा दारात उभं राहून पाहिला, आणि कोंबडीचं कालवण खाऊ घालून पाळकांना तसंच खांद्यावरून परत नेऊन सोडलं. स्वतः मात्र शेवटपर्यंत घेतला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, “माझे देव माझ्यासंगं म्हातारे झाले. त्यांना आता कुठं टाकू?”

मंगळूबाबा तीन वर्षांपूर्वी गेले आणि भागीबाई इंदिरानगरला आल्या. दार लावून घरात बसायची त्यांना सवय नव्हती, म्हणून रविवारी सगळ्यांबरोबर चर्चला यायच्या. ‘चला’ असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. अक्षरओळख नाही, पण ऐकायच्या अशा, की जणू संध्याकाळी कुणी परीक्षा घेणार आहे. दीड वर्ष ऐकलं आणि एक दिवस राजला म्हणाल्या, “मला बी घ्या तुमच्यात. हा माणूस मला पटला.” हा माणूस म्हणजे येशू.

बाप्तिस्म्याचा रविवार ठरला. त्याच्या आदल्या रविवारी उपासनेनंतर ललिता सासूचा अर्ज भरत होती. शेजारी महिला मंडळातली सुवर्णा उभी. शाळेत शिक्षिका, मनाची चांगली, फक्त जीभ मनाच्या दोन पावलं पुढे. तिनं भागीबाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

“प्रभूची स्तुती असो, आजी! तुम्ही तरी वाचलात. बाबांचं राहून गेलं बघा.”

“राहून गेलं म्हंजी?”

“म्हणजे, प्रभूला न स्वीकारताच गेले ना ते. असो. फोटो आणलेत ना दोन?”

भागीबाईंनी टेबलावर ठेवलेले दोन्ही फोटो उचलले, कनवटीला लावले आणि बाहेर रिक्षाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. घरी आल्यावर ललितानं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तसाच राहिला.

“ललिता, म्हातारा तिथं हाय का?”

“कुठे, आई?”

“मला जिथं नेणार तुमी. तिथं.”

ललितानं तोंड उघडलं. पाठ केलेली वचनं धडाधड ओठांपर्यंत आली आणि एकही कामाचं निघालं नाही. “प्रभूची इच्छा, आई,” ती म्हणाली.

“ती तर हायच. ती काय हाय, ते इचारते मी.” मग तांब्याकडे न बघताच म्हणाल्या, “तो तिथं नसंल तर मी नाय जायची. पंचावन वर्सं एका चुलीवरचं खाल्लं. आता मी एकलीनं ताटावर बसू?”

राज सोफ्यावर मोबाईल घेऊन बसला होता. पाण्याचा फिल्टर घ्यायचा होता, म्हणून चार दिवस कोणती कंपनी काय देते ते तो वाचत होता. ललितानं त्याला हलक्या आवाजात सगळं सांगितलं.

“तू डोकं नको लावूस गं. विश्वासाच्या गोष्टीत फार विचार केला की माणूस भरकटतो.”

“फिल्टरसाठी चार दिवस डोकं लावताय, त्यात नाही भरकटलात?”

एरवी तो हसला असता. आज त्यानं मोबाईल पालथा ठेवला. “वडील माझे आहेत, ललिता. मी तीन वर्षं तिकडे बघतच नाहीये. तूही नको बघूस.”

म्हणजे याच प्रश्नावर हा तीन वर्षं दार लावून बसला होता. आणि आपण त्याच्याच बाजूला झोपतो, तरी आपल्याला पत्ता नाही.

गुरुवारी ती पाळकसाहेबांकडे गेली. ते आवारात उभे राहून पत्रेवाल्याशी बोलत होते. हॉल गळत होता. त्यांनी अर्धं ऐकलं आणि मान हलवली. “ताई, हे सेमिनरीतले विषय. मोठमोठे पंडित यावर भांडून गेले. आपल्या साध्या माणसांनी साधा विश्वास ठेवावा.”

“साधी माणसं मरत नाहीत का, पाळकसाहेब?”

ते मनापासून हसले. तिनं विनोद केलाय, असंच त्यांना वाटलं. “आईंना सांगा, शंका सैतान आणतो. आणि रविवारी वेदीला नवीन कापड घालाल ना?”

घातलं तिनं कापड. कडक इस्त्री करून. इस्त्री फिरवताना तिला पाळकसाहेबांचा राग आला, सुवर्णाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. इतकी वर्षं आपण पाव कापला, तो का मोडतात हे कुणाला विचारलं नाही. कुणी सांगितलं नाही, हे खरं. पण आपण तरी कुठे मागे लागलो? गॅस सिलिंडर उशिरा आला तर आपण तीन-तीन फोन करतो.

रविवारी बाप्तिस्मा झाला नाही. भागीबाई मात्र नेहमीसारख्या तिसऱ्या बाकावर येऊन बसल्या. “रुसले नाय मी त्याच्यावर,” म्हणाल्या. विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते, म्हणायला सगळे उभे राहिले. लिफ्टमधली बाई जशी मजला सांगते, तशा सुरात सगळ्यांनी तो म्हटला. भागीबाईंनी ललिताचा पदर ओढला.

“मधी काय म्हटलं तुमी? मेला, पुरला, अन् मग?”

“मग मेलेल्यांमध्ये खाली उतरला. तिसऱ्या दिवशी उठला.”

“खाली कशाला उतरला?”

ललितानं ते वाक्य आयुष्यात दोन हजार रविवार तरी म्हटलं असेल. कशाला?

“तिथं कोण कोण भेटलं त्याला?” भागीबाईंचा आवाज आता पुढच्या बाकापर्यंत जात होता. “कायी न कळता गेलेली माणसं असतील ना? आमच्यातली बी असतील की. त्यांच्याशी बोलला का नाय तो?”

गीत सुरू झालं. ललिता हातात पुस्तक धरून उभी होती. गाण्याचं पान तिनं उघडलंच नाही.

दुपारी तिनं भांडी तशीच टाकली आणि वाचायला बसली. आजोबांच्या ट्रंकेतली पिवळी पडलेली टिपणं, मोबाईलवर सापडेल ते, शास्त्रातले ते ते भाग. उत्तर पक्कं मिळालं नाही. पण हा प्रश्न पहिल्या काही शतकांपासून माणसं विचारत आली आहेत, हे कळलं. कुणी एक म्हटलं, कुणी त्याच्या उलट. कुणी म्हटलं, देवाच्या दयेला हद्द घालणारे आपण कोण. कुणी म्हटलं, न्यायाचं काय मग. एवढं वाद घातलेलं, जपून ठेवलेलं ताट समोर होतं, आणि आम्ही मागच्या दारी बसून फक्त भांडी घासत होतो! तिला वाचून बरं वाटायला हवं होतं. ती आणखीच चिडली.

बुधवारी महिला मंडळाची सभा. अकरा बायका, आणि दाराशी पंख्याखाली भागीबाई. सुवर्णानं चर्चच्या निधीसाठी भरणाऱ्या फनफेअरच्या स्टॉलची यादी काढली. ललिता उभी राहिली.

“यादी नंतर. आधी मला एक सांगा. माझे सासरे कुठे आहेत?”

सुवर्णा पुटपुटली, “अगं, मी आपलं सहज बोलले होते.”

“तेच तर! सहज. एका माणसाला नरकात टाकलंस, ते सहज. सुवर्णा, तुला माहीत होतं, की ऐकलेलं बोललीस?”

“ऐकलेलं,” सुवर्णा म्हणाली. तिचे डोळे भरले. “मला काय माहीत असणार?”

“जाऊ दे ना, ललिता, कशाला हा विषय,” कुणीतरी म्हणालं. “प्रार्थना करू या.”

“नको,” कोपऱ्यातून आवाज आला. “नको जाऊ दे.”

सुलाबाई. मंडळात सगळ्यात जुन्या. करंज्यांच्या कडा त्यांच्यासारख्या कुणाला मुडपता यायच्या नाहीत, एवढीच त्यांची ओळख.

“माझा पहिला मुलगा तीन दिवसांचा गेला. पाळक बाहेरगावी होते, बाप्तिस्मा झाला नाही त्याचा.” त्या चष्मा पुसत होत्या, पुन्हा पुन्हा तीच काच. “देवाला फूल हवं होतं, असं म्हणाले सगळे. मी पुढचं विचारलंच नाही. विचारलं आणि नको ते ऐकायला मिळालं तर? बेचाळीस वर्षं झाली.”

बेचाळीस वर्षं. त्यातली बावीस तरी ललिता दर बुधवारी त्यांच्या शेजारी बसली होती. मोहन घातलं, मैदा भिजवला, सारणाला खोबरं किसलं. खोबरं खवट नाही ना, हे दोघींनी दर वर्षी चाखून पाहिलं होतं. आणि हे एवढं मोठं, कुणालाच माहीत नाही. तिला ओरडावंसं वाटलं. कुणावर, ते मात्र कळेना.

भागीबाई दाराजवळून उठल्या आणि सुलाबाईंच्या बाकावर जाऊन बसल्या. “नाव ठेवलं व्हतं का?”

“ओम अशी हाक मारायचे मी त्याला. मनातल्या मनात.”

तेवढ्यात पाळकसाहेब आले. सभा संपत आली की चहाला डोकावायची त्यांची पद्धत. “झालं का फनफेअरचं? चहा?”

“चहा ठेवलेला नाही,” ललिता म्हणाली. “बसा.”

ते बसले. भागीबाईंनी आपला प्रश्न स्वतःच विचारला, जसाच्या तसा, आणि त्याला सुलाबाईंच्या पोराचाही जोडला. पाळकसाहेबांनी ‘साधा’ एवढा शब्द उच्चारला, सुलाबाईंकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं गिळलं. गळक्या छताखाली ठेवलेल्या बादलीकडे नजर वळवली.

“परीक्षेपुरतं वाचलं होतं मी हे,” ते म्हणाले. “पुन्हा वाचून यावं लागेल.”

“किती दिवस?” ललितानं विचारलं. आवाज तिला वाटला होता त्याहून कडक निघाला.

“दोन बुधवार द्या.”

“पण मग फनफेअर...” सुवर्णाच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं स्वतःच हात तोंडावर ठेवला.

“ये वाचून, बाबा,” भागीबाई म्हणाल्या. “नीट वाच. तवर मी बी बाप्तिस्मा घेत नाय, अन् ही बी गप बसत नाय.”

ललितानं फनफेअरच्या यादीचा कागद ओढला, पालथा केला, आणि कोऱ्या बाजूला दोन्ही प्रश्न लिहायला घेतले. अकरा बायकांपैकी आणखी तिघींनी आपापला प्रश्न सांगायला हात वर केले होते.