बिडकीनच्या माळावरची रोपं

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही — नवऱ्यापाशी नाही, आईपाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, कारण आता पोटात ठेववत नाही.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात झाडं लावायचं काम माझ्याकडं होतं. कारखान्याला ‘कार्बन न्यूट्रल’ व्हायचं होतं — म्हणजे धूर इथं सोडायचा आणि तो शोषायला झाडं बिडकीनजवळच्या माळावर वाढवायची. मला ते खरंच पटलं होतं हो! पण माळ काय रिकामा असतो? तिथं काशीमावशीची मेंढरं चरायची. मीच तिच्या हातापाया पडले — तीन वर्षं मेंढरं दुसरीकडं चारा, रोपांना पाणी घालायचं काम तुला देते. तिनं ऐकलं. तिचा नवरा मेंढरं घेऊन कोसभर लांब जायचा, आणि ही टँकरच्या पाण्यानं बादली-बादली करून रोपं जगवायची. एकेका रोपाशी बोलायची, येडी.

मग पाऊस गेला तो गेलाच. टँकर मिळेना. त्यात कारखान्यात बाहेरचे पाहुणे येणार, म्हणून आमचा एकुलता एक टँकर मी गेटजवळच्या हिरवळीकडं वळवला. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग — जाऊ द्या. मावशी फोन करायची, “ताई, पानं गळाय लागली गं.” उद्या धाडते, म्हणायचे मी. माळावर नुसत्या काड्या उरल्या.

साहेब बघायला आले. मावशी शेजारीच उभी. आणि मी म्हणाले... कशी म्हणाले? जीभ कशी झडली नाही माझी? — “मेंढरांनी खाल्ली.”

मावशीनं हातातली रिकामी बादली खाली ठेवली. तिचं काम गेलं. माळाला तारेचं कुंपण पडलं. लांबचा चाराही संपला, तशी उन्हाळ्यात सगळी मेंढरं विकावी लागली.

परवा ती चिकलठाण्यातच एका बांधकामावर दिसली, डोक्यावर विटा घेऊन. मी तोंड लपवणार, तर तिनंच हाक मारली. “ताई, साहेबाचा जोर असंल तुझ्यावर. कळतं गं मला. पोटापुढं माणूस काय करंल?”

मी मान हलवली. व्हय, म्हणाले.

जोर कुणाचाच नव्हता. साहेबांनी नुसतं विचारलं होतं — रोपं कशानं गेली?