आण्णांच्या गालावरचा पांढरा डाग

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि देवापुढे हात जोडतानासुद्धा या एका गोष्टीला वळसाच घालत आले. तुम्ही म्हणाल, मग आता कशाला? मलाही ठाऊक नाही. सांगायला बसलेय, एवढं खरं.

दुष्काळाचं साल होतं, बहात्तरचं. नगरला एका शाळेच्या मागच्या खोलीत आमचा चित्रकलेचा वर्ग भरायचा. पाण्याची मारामार इतकी, की ब्रश धुवायला चौघींत मिळून एक तांब्या. आणि आम्ही शिकत होतो काय, तर जलरंगातलं व्यक्तिचित्र! सरांना स्वतःलाच हसू यायचं.

कुसुम माझ्या शेजारी बसायची. पारनेरकडच्या खेड्यातली, केडगावला मामाकडे राहून शिकणारी. माझी मैत्रीण — हो, मैत्रीणच. डब्यातली भाकरी अर्धी अर्धी करून खाल्लेली. म्हणून तर हे सांगायला जड जातंय.

सर म्हणायचे, चेहरा रंगवायची एकच रीत नसते. माझी रीत थरांची. एक पातळ थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग त्यावर दुसरा. नाक नाकासारखं, डोळा डोळ्यासारखा, कुठे चूक नाही. कुसुम कागदच आधी ओला करायची आणि ओल्यावर रंग सोडायची. कपाळाचा रंग आपसूक गालात उतरायचा, उजेड असेल तिथे नुसता कोरा कागद, आणि चार फटकाऱ्यांत माणूस समोर येऊन बसायचा. माझ्या चित्रांना सर 'स्वच्छ' म्हणायचे. स्वच्छ! चित्र म्हणजे काय मोरी आहे? तिच्या चित्रापुढे मात्र बराच वेळ उभे राहायचे. मी ते बघायचे आणि जळायचे. जळायचे हाच शब्द, याहून बरा शोधत नाही.

पुण्याच्या एका प्रदर्शनाला वर्गातून एकच चित्र जाणार होतं. घरातलं कुणीतरी समोर बसवून रंगवा, असं सरांनी सांगितलं. मी मावशीला बसवून माझं चित्र आधीच पुरं केलं होतं. कुसुमने वडिलांना बोलावलं, आण्णांना. त्यांनी तिला बजावलं होतं — चित्र पुण्याला गेलं तर आणखी एक वर्ष शीक, नाहीतर घरी चल. हे तिने फक्त मला सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

आण्णा आले ते धुतलेला सदरा घालून. इतका वेळ नुसतं बसायचं म्हटल्यावर बिचारे अवघडले. उन्हाने काळवंडलेला चेहरा, गालाची वर आलेली हाडं. कुसुमने तो गाल एका दमात उतरवला — गडद, ओलसर, जिवंत. मी शेजारून बघत होते. असं मला जन्मात जमणार नव्हतं.

मग ती आण्णांना पाय मोकळे करायला बाहेर घेऊन गेली. सर पलीकडच्या खोलीत होते. कुसुमच्या चित्राचा बोर्ड टेबलावर आडवा होता. ओल्या रंगाला एक वेळ असते — चकाकी गेलेली असते, पण तो वाळलेला नसतो. तेव्हा त्यावर स्वच्छ पाण्याचा थेंब पडला की तो रंगाला बाजूला सारतो. मधे फिकट डाग उरतो, कडेला काळपट कातरलेली रेघ. मग काही करा, तो जात नाही. हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं, असं होऊ देऊ नका म्हणून.

मी ब्रश तांब्यात बुडवला. गालावर धरला. थेंब सुटेपर्यंत धरून ठेवला.

चित्र जरा बिघडेल आणि माझं पुण्याला जाईल, इतकंच माझ्या डोक्यात होतं. पण ती दोघं परत आली तोवर त्या काळ्या गालावर पांढरा चट्टा उमटला होता. कुसुम काही बोलायच्या आत आण्णांनी तो पाहिला, आणि त्यांचा हात स्वतःच्या गालावर गेला. "मला कोड हाय व्हय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

सर धावत आले. पाण्याचा दोष आहे, असं होतं, पुन्हा काढू, म्हणाले. आण्णांनी नीट ऐकून घेतलं. "तुमी म्हनता ते खरं आसंल, सर. पन ह्ये चित्र कुनी पाह्यलं तर मी कुनाकुनाला सांगत बसू? लग्नाच्या पोरी हायत माझ्या." कोड असलेल्या घरातली मुलगी कोण करून घेतं? त्या माणसाच्या भीतीला मी हसू शकत नाही. त्यांनी कागद घडी करून सदऱ्याच्या आत घातला आणि पोरीला त्याच दिवशी गावी नेलं. कुसुम जाताना मी रडले. खरं रडले. पण बोलले नाही. एका वाक्याचं काम होतं.

माझं चित्र पुण्याला गेलं. स्वच्छ आहे, असं तिथेही कुणीतरी म्हणालं.

पुढे मी चित्रकलेची शिक्षिका झाले. बऱ्याच वर्षांनी पारनेरला एका लग्नात पंगतीत वाढणारी बाई माझ्यापुढे थांबली. कुसुम! हातातलं पातेलं तसंच धरून बोलत राहिली. ब्रश त्यानंतर हातात धरला नाही म्हणाली. दारातली रांगोळीसुद्धा सून काढते. "माझाच हात हलला गं तवा. ब्रशातून थेंब गळला आसंल, मला कळलंबी न्हाई. आण्णा शेवटपत्तुर म्हनायचे, पोरीनं माझ्या तोंडाला डाग लावला. तू लई रडली हुतीस माझ्यासाठी, आठवतंय मला."

तिचा हात हलला नव्हता. माझाही नव्हता हलला. हे सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणाले, "होतं गं असं कधी कधी." मग तिने पानात वाढलेला भात मी कालवायला घेतला.