नितीनदादाचं jj

नितीनदादाची शेवटची खूण माझ्याकडून गेली, हे काल कळलं.

त्याला जाऊन आज वर्ष झालं. हार्ट अटॅक.

अंबडच्या ऑफिसात तो माझा सीनियर. सगळा कोड विम नावाच्या जुन्या एडिटरमध्ये लिहायचा. त्यात माउस लागत नाही. लिहिण्याचा मोड वेगळा, कमांड देण्याचा वेगळा.

लिहून झालं की j दोनदा दाबून लिहिण्याच्या मोडमधून बाहेर पडायचं. हे त्याचं स्वतःचं सेटिंग.

मी जॉइन झाले त्याच दिवशी त्याने माझा माउस ड्रॉवरमध्ये टाकला.

"दादा, काम कसं करू?"
"हळू."
"आणि डेडलाइन?"
"ती कुठे जाते? दर महिन्याला येते."

पुढे कंपनीने नवीन एडिटर सक्तीचा केला. दादाने त्यात बाहेरचं एक एक्स्टेंशन टाकून विमच्या कीज बसवल्या. त्याच्या मशीनवर, मग माझ्या.

"हे अस्सल नाही," म्हणाला. "पण बोटांना कळत नाही. कळू देऊ नकोस."

जिथे त्या कीज नसतात तिथे jj तसंच उमटतं. त्याच्या मेलच्या शेवटी हमखास असायचं. हळूहळू माझ्याही.

सायखेड्याचा आमचा टेस्टर म्हणायचा, "दोघांना एकच आजार हाय. औषध नाय."

दादा गेल्यावर काही महिन्यांनी सगळं काम ब्राउजरमध्ये हलवलं. तिथे बाहेरचं एक्स्टेंशन बंद, म्हणजे दादाच्या कीजही. मी आयटीकडे परवानगी मागितली.

"अजून कोण वापरतं, मॅडम?"
"मीच."
"मग एकट्यासाठी कसं उघडणार?"

त्यांचं बरोबर होतं.

तिथल्या शॉर्टकट सेटिंगमध्ये जमतील तेवढ्या कीज बसवल्या. एकेक की बसते. एकच की सलग दोनदा, नाही. म्हणजे नेमकं jj नाही.

तरी बोटं दाबत राहिली. कोडच्या मधोमध jj. प्रोग्रॅमचा बिल्ड फेल व्हायचा. मी वैतागून खोडायचे. खोडताना बरं वाटायचं.

मग ते कमी झालं.

परवा वर्षश्राद्धाचं विचारायला वहिनींना लॅपटॉपवरून मेसेज केला. त्यांचा उलट प्रश्न आला.

"तुझ्या मेसेजला शेवटी jj यायचं, ह्यांच्यासारखं. आता येत नाही का गं?"

"लॅपटॉप बदलला, वहिनी."

लॅपटॉप तोच आहे.

काल महिन्याभराचा कोड आणि मेल सर्च केले. एकही jj नाही.

बोटांना कळलं, दादा.

तुझा निरोप घेते.