शाही गरुड आणि माझे दोन हात

आमच्या पक्षीमित्रांच्या व्हॉट्सअॅप गटात मी आजवर तीनदा दुर्मीळ गरुड कळवला. तिन्ही वेळा घार निघाली. त्यामुळे म्हसवडच्या पलीकडच्या डोंगरावर शाही गरुड दिसल्याची बातमी आली, तेव्हा ठरवलं, या वेळी फोटोच टाकायचा. आपल्याकडं सहसा न फिरकणारा, वाट चुकून आलेला पाहुणा तो. पाचवी संधी मला कुणी देणार नव्हतं.

इस्लामपुरातनं पहाटेच निघालो. मागं बायको भाकरीचा डबा घेऊन, शेजारी तिचा भाऊ, फौजेतनं निवृत्त झालेला सुभेदार. म्हसवडात सिद्धनाथाचं, म्हणजे आमच्या कुलदैवताचं देऊळ आलं, आणि मी गाडी थांबवली नाही.

"आवं, देवाच्या दारावरनं तसंच?"

"आधी गरुड. देव काय उडून जात न्हाई."

बायकोनं भाकरीचा डबा माझ्यापासनं लांब सरकवला. हे लक्षण वाईट होतं.

डोंगरावर मी दोघांना नियम सांगितले: बोलायचं नाही, खोकायचं नाही, डब्याचं झाकण वाजवायचं नाही. दीड तास बिचारी गप्प बसली. मग मेव्हण्यानं नुसतं बोट दाखवलं. समोरच्या खडकावर तो बसला होता. गडद तपकिरी, मान सोनेरी, खांद्यांवर पांढरे डाग.

"दाजी," मेव्हणा कानात कुजबुजला, "खांद्यावर फीत हाय. मोठा साहेब दिसतोय."

घार नव्हती! मी दुर्बीण सोडली. आता फक्त कॅमेरा उचलायचा होता. पण लहानपणापासून जत्रेत रथ पुढ्यात आला की हात जे करतात, तेच त्यांनी केलं. जोडले गेले. आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "सिद्धनाथाच्या नावानंऽऽ"

"चांगभलं!" दोघंही गरजली. एवढा वेळ नियम पाळला खरा, पण याला साथ द्यायची नाही, हे त्यांच्याच्यानं होणारं नव्हतं.

गरुडानं आमच्याकडं एकदा पाहिलं, पंख पसरले आणि निवांत डोंगराआड गेला.

"देव न्हाई गेला उडून," बायको डबा उघडत म्हणाली.

मी रिकाम्या खडकाचा फोटो काढला, 'आत्ता इथंच बसला होता' असं लिहून गटावर टाकला. लगेच उत्तर आलं: 'खडक छान. घार कधी उडाली?'

परतताना देवळापुढं गाडी मुकाट थांबवली. तिथंही हात जोडले. तोंड मात्र मिटून.