टाकीच्या माथ्यावरचा अमोनिया

प्रियदर्शनी वाघमारे यांनी बावीस वर्षांत शेकडो गॅसवाहू जहाजांना माल भरण्याची परवानगी दिली. पाऊल मात्र एकावरही ठेवले नव्हते. रसायन अभियांत्रिकीची पदवी पहिल्या वर्गात मिळवूनही, येरवड्यातल्या जहाज कंपनीत त्यांच्यामागून आलेले तिघे त्यांचे साहेब झाले. त्याविषयीच्या सात अर्जांची त्यांना पोच मिळाली, उत्तर नाही.

सध्याचे साहेब, चेतन, दारातूनच म्हणाले, "मॅडम, सही झाली का? जहाज आखातात धक्क्याला लागतंय. धक्क्यावरचा नंबर हुकला तर आठवडा गेला."

मागच्या फेरीत जहाजाने अमोनिया वाहिला होता. आता त्याच टाक्यांत स्वयंपाकाचा गॅस भरायचा होता. अमोनियाचा अंश उरला, तर सिलिंडरच्या पितळी व्हॉल्व्हला चिरा पडतात. म्हणून टाक्यांत हवा खेळवून तो दशलक्षात वीस भागांच्या खाली आणावा लागतो. जहाजाने कळवले होते : आठ.

"आठ कुठले?"

"टाकीतले."

"टाकी सहा मजल्यांइतकी उंच आहे, साहेब. कितव्या मजल्यावरचे?"

जहाजाने पाठवलेल्या तक्त्यात लिहिले होते : तळ. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड, खाली बसणारा. त्यामुळे खलाशांचा हात सवयीने तळाकडेच गेला होता. अमोनिया हलका. तो राहतो माथ्याशी.

"माथ्याचा नमुना येईपर्यंत सही होणार नाही."

"कप्तान तीस वर्षं समुद्रावर आहेत. तुम्ही जहाज पाहिलंय तरी का?"

"वेधशाळेतले लोक ढगांत राहायला जातात का?"

चेतन यांचा आवाज उतरला. "जहाजाचा आकडा बरोबर निघाला, तर तपासणीचं काम बाहेरच्या एजन्सीकडे जाईल. मग तुमच्यासाठी मला काही करता येणार नाही."

"आजवर काय केलंत?"

प्रियदर्शनींनी जहाजाला स्वतःच संदेश धाडला, डबा उघडला आणि मेथीची भाजी शेवटच्या घासापर्यंत चवीने खाल्ली. माथ्याचा आकडा वीसच्या वर निघणार, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तीनच्या सुमारास उत्तर आले. माथा : एकशे नव्वद.

जहाज धक्क्यावरून मागे घेण्यात आले. चेतन गॅसच्या मालकांना फोनवर सांगत होते, "हो, वेळीच पकडलं आम्ही. आमची पद्धतच तशी आहे."

फोन ठेवेपर्यंत प्रियदर्शनी त्यांच्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"आम्ही म्हणजे कोण, ते मालकांना पाठवायच्या पत्रात नावानिशी लिहा. आडनावासह."

"लिहितो, मॅडम. नंतर."

"आत्ता," त्या म्हणाल्या, आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.