तांडेल आजोबांसाठी घातलेलं गाऱ्हाणं

आमचे शेजारी तांडेल आजोबा मुलं खात नसत, हे मला वयाच्या नवव्या वर्षी कळलं. तोपर्यंत ते खातात असं गृहीत धरूनच आमचे सगळे व्यवहार चालले होते.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी चौथीत गेले होते. आपण आता फार मोठे झालो, असं दोघांनाही वाटत होतं. कुणकेश्वरच्या वाटेवर आमची वाडी, आणि आमच्या अंगणाला लागून चिऱ्याच्या दगडांचा गडगा. गडग्यापलीकडे तांडेल आजोबा. एके काळी त्यांनी गलबतं हाकली होती म्हणे. आता दार बंद, खिडकी बंद. दुकानदाराचा गडी तांदूळ-मीठ बेड्यापाशी, म्हणजे त्यांच्या फाटकापाशी, ठेवून पळून जायचा (निदान आम्हाला तरी तो पळताना दिसायचा!). पोर जेवत नसलं की वाडीतल्या समस्त आया एकच मंत्र म्हणत, "जेव गप, नायतर तांडेल येतलो हां!" त्या भीतीवर आमची अख्खी पिढी बाळसेदार झाली.

गडग्यापलीकडे गेलेला चेंडू आम्ही मेला असं समजत असू. त्याचं कोणी नावही काढत नसे. पण माझा धाकटा भाऊ बाबलो पाच वर्षांचा, त्याला रीतभात कुठली असणार? एका रविवारी सकाळी त्याचा चिंध्यांचा चेंडू पलीकडे गेला आणि हा सरळ बेडं सरकवून आत! दार उघडलं. बाबलो आत गेला. दार बंद झालं.

"गेलो तो," माझी चुलत बहीण शालू म्हणाली. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, त्यामुळे तिला सगळं आधी कळायचं.

"आता काय करूया गो?"

"आयेक सांग."

"आयेक सांगलंय तर ती माकाच खातली!"

दोन्हीकडून खाल्लं जाण्याची वेळ आल्यावर माणूस करतो तेच मी केलं. देवाला मध्ये घातलं. आमच्याकडे काही अडलं की देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. मी स्वयंपाकघरातून नारळ पळवला, तांडेलांच्या बेड्यापाशी ठेवला, हात जोडले आणि गळा काढला. बाबलो कितीही त्रास देत असला तरी भाऊ एकच होता.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांनी तुज्यासमोर नारळ ठेवलो हा..."

"व्हय म्हाराजा!" शालू.

"आमचो बाबलो चुकान आत गेलो हा, तेका आख्खो भायर काढ..." (आख्खो हे मी दोनदा म्हटलं. देवाच्या मनात संशय नको!)

"व्हय म्हाराजा!"

मला चेव चढला. "आणि ह्या म्हाताऱ्याक ह्या घरातसून कायमचो भायर काढ रे म्हाराजा!"

शालूने तोंड उघडलं, पण त्याआधीच बंद दाराआडून एक घोगरा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" आणि त्यामागून भरल्या तोंडाचा एक बारीक आवाज, "व्हय म्हालाजा!"

शालू जी पळाली ती तिच्या घरच्या माजघरातच थांबली. मीही पळणार होते, पण बाबलो अजून आत होता.

दार उघडलं. पंचा नेसलेला एक बुटका, हडकुळा म्हातारा बाहेर आला. त्याच्या हातात शिडं शिवायचं दाभण आणि आमचा चेंडू, असा घट्ट शिवलेला की तो दर्यातसुद्धा उसवला नसता. मागे बाबलो, दोन्ही हातांत रताळ्यासारखी उकडलेली कणगी. आख्खा!

"अर्धवट गाऱ्हाणा देव आयकणा नाय. नारळ फोड," आजोबा म्हणाले.

माझ्याच्याने फुटेना. मग हातातलं खाली ठेवून त्यांनीच तो पायरीच्या चिऱ्यावर एका फटक्यात फोडला. मी भोकाड पसरलं.

"रडतंस कित्याक गो? म्हाताऱ्याक भायर काढ, ह्या मीय रोज मागतंय. माजी म्हातारी गेल्यापासना भायर पडाक धीर होणा नाय."

"तुमी कोणाक भियतास?" माझं रडं आश्चर्याने थांबलं.

"तुमका. सगळ्यांका. भायर इलंय की जो तो इचारतलो, 'तांडेलानू, आता कसा चल्लाहा?' तेका काय सांगू?"

एवढा दर्या पाहिलेला माणूस आम्हाला भीत होता!

इतक्यात हातात डाव घेऊन आई अवतरली. "सुमे! कालवणाच्या वाटपाचो नारळ खंय गो?" आणि समोर तांडेल, उघड्यावर, दोन्ही हातांत नारळाची एकेक कवड! आईने पदर सावरला. मी डोळे घट्ट मिटले. आता ही विचारणार कसं चाललंय, आणि हे पुन्हा आत जाणार!

"आजोबानू," आई म्हणाली, "नारळ तुमी फोडलास?"

"व्हय."

"मगे तुमीच जेवक येवा. देवाचो नारळ एकट्यान खावचो नसता." (देवाचा नारळ बांगड्याच्या कालवणाला चालतो का, हा प्रश्न आमच्या घरात कोणालाच पडला नाही.)

आजोबांनी नारळ आईकडे दिला आणि मागे आपल्या उंबऱ्याकडे पाहिलं. मग बाबलोने उरलेली कणगी तोंडात कोंबली, त्यांचं बोट धरलं आणि ओढलं. ते आले. तीनदा भात घेतला, आणि आईने त्यांना मिठाचं विचारलं, बाकी काहीच नाही. त्या दिवशी मला आई फार आवडली.

पुढे रोज संध्याकाळी ते आमच्या पडवीत येऊन बसू लागले. वाडीतले सगळे मेलेले चेंडू शिवून परत आले. पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळू लागली. मला वाटलं, आता माझं केवढं कौतुक होणार! पण आयांची मोठीच पंचाईत झाली होती. ज्या तांडेलाच्या मांडीवर बसून पोरं कणगी खातात, त्याची भीती घालायची कशी? दुसरं कोणीतरी शोधणं भाग होतं. त्यातच शालूने माझ्या गाऱ्हाण्याची कथा तिखटमीठ लावून घरोघर पोचवली होती.

आठवड्याभरातच शेजारच्या घरातून मला माझ्या कानांनी ऐकू आलं, "जेव गप, नायतर सुमा गाऱ्हाणा घालतली हां!"